चेक लाइट लागला? पार्ट बदलण्याआधी कोड वाचा. घरच्या गाडीसाठी स्वस्त कोड रीडर कसा निवडायचा

कन्हान : चावी फिरवली की मीटरमध्ये इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो आणि इंजिन सुरू झालं की विझतो. तो विझलाच नाही, तर आपल्याकडे दोन प्रकार होतात. काही जण "गाडी तर चालते ना" म्हणत तशीच सहा महिने पळवतात. काही जण गॅरेजला जातात. तिथं स्कॅनर लावायचे पैसे वेगळे, पार्टचे वेगळे, मजुरीचे वेगळे. आणि स्क्रीनवर काय आलं होतं, हे गाडीमालकाला शेवटपर्यंत कळत नाही.

गाडी काय सांगते ते वाचणारं छोटं यंत्र आता काही शे रुपयांत मिळतं. त्याला कोड रीडर किंवा ओबीडी स्कॅनर म्हणतात. कन्हान, पारशिवनी, मनसर, रामटेक या पट्ट्यात घरोघरी जुनी-नवी चारचाकी आली आहे. त्यामुळे हे यंत्र घ्यावं का, कोणतं घ्यावं आणि त्यावर किती विश्वास ठेवावा, याची ही माहिती.

हे यंत्र करतं काय?

आजच्या गाडीत इंजिनवर लक्ष ठेवणारा छोटा संगणक असतो. मिस्त्री लोक त्याला ईसीएम किंवा ईसीयू म्हणतात. हवा किती आली, पाणी किती तापलं, धुरात ऑक्सिजन किती, हे त्याला सेन्सर सांगत असतात. एखादा आकडा ठरलेल्या हद्दीबाहेर गेला की तो एक कोड साठवून ठेवतो आणि चेक लाइट लावतो. स्टेअरिंगखाली, ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ १६ पिनांचा एक जॅक असतो. कोड रीडर त्या जॅकमध्ये घालायचा, की साठवलेला कोड दिसतो.

ही पद्धत प्रदूषणाच्या नियमांतून आली. अमेरिकेत १९९६ पासूनच्या सगळ्या नव्या कारना एकसारखा जॅक आणि एकसारखे कोड सक्तीचे झाले. त्यामुळेच पी ०३०१ हा कोड नागपुरात आला काय नि न्यूयॉर्कमध्ये आला काय, अर्थ एकच : पहिल्या सिलिंडरचं फायरिंग चुकतं आहे.

आधी एक अनुभव

आमच्या घरच्या पेट्रोल गाडीचा चेक लाइट लागला. एका गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. "सेन्सर गेला भाऊ, बदलावाच लागते," असं उत्तर मिळालं. ऑक्सिजन सेन्सर बदलला, चार हजारांच्या वर बिल झालं. पाचव्या दिवशी दिवा परत लागला. मग ओळखीच्या एकाचा रीडर आणून लावला, तर कोड निघाला पी ०१७१. त्याचा अर्थ, इंजिनमध्ये पेट्रोलच्या मानानं हवा जास्त जाते आहे. सेन्सर खराब झाला असं त्यात कुठंच म्हटलेलं नव्हतं. बोनेट उघडून नळ्या बघत गेलो. गाडी गोठ्याच्या बाजूला उभी असते, एक व्हॅक्यूमची नळी उंदरानं कुरतडली होती. नळी दीडशे रुपयांत बदलली, दिवा गेला.

आधीचा सेन्सर वाईट नव्हता. तो बिचारा खरंच सांगत होता की हवा जास्त आहे, आणि आपण सांगणाऱ्यालाच बदललं. या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे. कोड कुठं बघायचं ते सांगतो, काय बदलायचं ते सांगत नाही. हे ध्यानात ठेवलं तर पाचशेचा रीडरही पैसे वाचवतो. नाही ठेवलं तर पन्नास हजारांचा स्कॅनरही नुकसानच करतो.

तुमच्या गाडीला चालेल का?

रीडर घेण्याआधी हा प्रश्न सोडवा, कारण सगळ्यात जास्त फसगत इथंच होते. आरसीवर किंवा एम परिवहन ॲपवर गाडी भारत स्टेज म्हणजे बीएस कितीची आहे ते बघा.

बीएस ६ चारचाकी : १ एप्रिल २०२० पासून देशभर हाच नियम आहे. या गाड्यांना रीडर लागतो. निश्चिंत राहा.

बीएस ४ चारचाकी : बीएस ४ गाड्यांना ओबीडीचा पहिला टप्पा एप्रिल २०१० पासून आणि दुसरा टप्पा एप्रिल २०१३ पासून लागू झाला. २०१३ नंतरच्या बीएस ४ गाडीला साधा रीडर चालायला हवा. २०१० ते २०१३ च्या मधल्या गाडीत कोड दिसतील, पण माहिती कमी मिळू शकते.

बीएस ३ चारचाकी : इथं सावध राहा. २०१० मध्ये बीएस ४ फक्त १३ शहरांत आलं. त्यात मुंबई, पुणे आणि सोलापूर होतं, नागपूर नव्हतं. संपूर्ण देशात ते १ एप्रिल २०१७ पासून आलं. त्यामुळे आपल्याकडे २०१० नंतरची गाडीही बीएस ३ असू शकते. अशा गाडीत १६ पिनांचा जॅक दिसला तरी साधा रीडर जोडला जाईलच असं नाही. काही जुन्या गाड्या फक्त कंपनीच्या स्कॅनरशीच बोलतात.

जुन्या मेकॅनिकल पंपाच्या डिझेल गाड्या : यांत वाचायला संगणकच नाही. रीडर घेऊ नका.

मोटारसायकल, स्कूटर : बीएस ६ दुचाकींनाही चेक लाइट आहे आणि एप्रिल २०२३ पासून त्यांना ओबीडीचा पुढचा टप्पा लागू झाला. पण जॅक वेगळा आणि लहान असतो, बहुतेक सीटखाली. कारचा रीडर थेट बसत नाही, जोडवायर लागते, आणि ती कंपनीनुसार बदलते. फक्त दुचाकीसाठी रीडर घेण्यात फारसा अर्थ नाही.

ट्रॅक्टर : ५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरना जानेवारी २०२३ पासून ट्रेम स्टेज ४ चा नियम आहे, त्यामुळे त्यांत संगणक आला. पण त्यांची भाषा कारपेक्षा वेगळी आहे. कारचा रीडर तिथं उपयोगाचा नाही.

ट्रक, टिप्पर : यांना २४ व्होल्टची वायरिंग असते. १२ व्होल्टसाठीचा स्वस्त रीडर त्यात घालू नका, जळू शकतो.

पक्की खात्री करायचा सोपा मार्ग म्हणजे कुणाचा तरी रीडर पाच मिनिटं मागून आपल्या गाडीला लावून बघणं. तेही नाही जमलं, तर आपलंच मॉडेल आणि आपलंच साल असलेल्या माणसाला विचारा. दुकानदाराचं "सब गाडी में चलता है" हे उत्तर धरू नका.

कोणत्या प्रकारचा घ्यायचा?

घरगुती वापरासाठी बाजारात तीन प्रकार आहेत.

१) ब्लूटूथ डोंगल : काडेपेटीएवढा डबा जॅकमध्ये घालायचा आणि मोबाईलवर ॲपमध्ये कोड बघायचा. साधारण ३०० ते ८०० रुपयांत मिळतो. अँड्रॉइड फोन असेल तर हाच सगळ्यात स्वस्त मार्ग. टॉर्क किंवा कार स्कॅनर या ॲपची फुकटची आवृत्ती घरच्या कामाला पुरते.

२) वायफाय डोंगल किंवा लो एनर्जी ब्लूटूथचा डोंगल : आयफोनवाल्यांसाठी. साधा जुना ब्लूटूथ डोंगल आयफोनला जोडला जात नाही. वायफाय डोंगल जोडला की फोन इंटरनेटऐवजी डोंगलच्या वायफायवर जातो, म्हणून कोडचा अर्थ शोधायला तो सोडून परत नेटवर यावं लागतं.

३) वायर आणि स्क्रीनवाला रीडर : साधारण दीड ते चार हजार. फोन लागत नाही, ॲप लागत नाही, सेल लागत नाहीत. वीज गाडीच्या जॅकमधूनच मिळते. घालायचा, बटण दाबायचं, कोड वाचायचा. घरात वडीलधाऱ्यांनी वापरायचा असेल किंवा चार-पाच घरांनी मिळून घ्यायचा असेल तर हा बरा. मोबाईल बदलला, ॲप बंद पडलं, याची भानगड नाही.

दहा हजारांच्या वरचे स्कॅनर चावी जोडतात, एबीएस आणि एअरबॅग वाचतात, इंजेक्टर कोडिंग करतात. ते गॅरेजवाल्यांचं काम आहे. घरच्या एका गाडीसाठी त्यात पैसे गुंतवू नका.

स्वस्त डोंगल घेताना काय बघायचं?

बहुतेक स्वस्त डोंगलवर ईएलएम ३२७ असं लिहिलेलं असतं. ही मूळ चिप कॅनडाच्या ईएलएम इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीची. ती कंपनी २०२२ मध्ये बंद झाली. आज बाजारात जे मिळतं ते जवळपास सगळं नक्कल आहे. नक्कल म्हणजे टाकाऊच असं नाही, पण त्यात चांगलं-वाईट आहे.

डब्यावरचा आवृत्तीचा आकडा बघून भुलू नका. मूळ कंपनीनं १.५ नावाची आवृत्ती कधी काढलीच नव्हती, तरी बाजारात १.५ चे डबे भरपूर आहेत. २.१ लिहिलेल्या काही नकलांत तर अर्ध्या सूचना चालतच नाहीत.

त्यापेक्षा या गोष्टी बघा :

– पाचही प्रोटोकॉल चालतात असं लिहिलेलं असावं. नव्या गाड्या कॅन नावाच्या पद्धतीनं बोलतात, पण जुन्या बीएस ४ गाड्यांत केडब्ल्यूपी ही जुनी पद्धतही सापडते. हलक्या नकला इथंच अडकतात.
– चालू-बंद करायचं बटण असलं तर उत्तम.
– परत करायची मुदत किमान सात दिवस असावी. आल्या दिवशीच गाडीला लावून बघा, कपाटात ठेवू नका.
– ग्राहकांचे अभिप्राय वाचताना आपल्या मॉडेलचं नाव शोधा. "नाइस प्रॉडक्ट" या अभिप्रायाचा उपयोग नाही.
– "लावा आणि पेट्रोल वाचवा" असं लिहिलेला डबा अजिबात घेऊ नका. दिसायला तो असाच असतो. रीडर वाचतो, मायलेज वाढवत नाही.
– ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्या. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून "प्रो व्हर्जन फुकट" कधी उतरवू नका. त्याच फोनमध्ये तुमचं बँकेचं ॲप असतं.

वापरायचं कसं?

१. गाडी मोकळ्या जागेत उभी करा, हँडब्रेक लावा. चावी बंद असताना रीडर जॅकमध्ये घाला.
२. चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका.
३. ब्लूटूथ डोंगल असेल तर आधी फोनच्या सेटिंगमध्ये जोडा. पिन बहुतेक १२३४ किंवा ०००० असतो. मग ॲप उघडा.
४. कोड वाचा. आलेला कोड कागदावर लिहा किंवा स्क्रीनचा फोटो काढा. तारीख आणि किलोमीटरही लिहा.
५. फ्रीझ फ्रेम असा पर्याय असेल तर तोही बघा. दिवा लागला त्या क्षणी गाडीचा वेग, पाण्याचं तापमान, इंजिनचे फेरे किती होते ते त्यात असतं. मिस्त्रीला याचा मोठा उपयोग होतो.
६. काम झालं की रीडर काढून घ्या. जॅकला चावी बंद असतानाही बॅटरीची वीज असते. डोंगल तसाच राहिला तर उभ्या गाडीची बॅटरी हळूहळू उतरते.

कोड मिटवायचं बटण शेवटी दाबायचं, दुरुस्ती झाल्यावर. आधीच मिटवलं तर फ्रीझ फ्रेमही जाते आणि मिस्त्रीच्या हाती काही राहत नाही. दोष तसाच असेल तर दिवा परत लागतोच.

नेहमी येणारे काही कोड

कोडच्या पुढे पी असेल तर तो इंजिन-गिअरचा, सी असेल तर ब्रेक-चाकांकडचा, बी बॉडीचा आणि यू असेल तर वायरिंगमधल्या संपर्काचा. पी नंतर शून्य असेल तर अर्थ सगळ्या कंपन्यांत सारखा. पी नंतर एक असेल तर तो कंपनीचा स्वतःचा कोड, त्याचा अर्थ मॉडेलचं नाव घालूनच शोधा.

पी ०३०० ते ०३०४ : मिसफायर. आधी प्लग आणि कॉइल बघा. कोणत्या सिलिंडरचा आहे ते कळलं तर त्याची कॉइल दुसऱ्याशी अदलाबदल करा. कोडही बदलला तर कॉइल खराब.

पी ०१७१ : हवा जास्त, पेट्रोल कमी. नळ्या, क्लिप, एअर फिल्टरचा डबा बघा, मग फ्युएल पंप. बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाडीत ट्यूनिंगही तपासा.

पी ०१०१ : हवा मोजणारा सेन्सर गडबडतोय. आपल्याकडे कोळशाच्या आणि रेतीच्या गाड्यांची धूळ रोजची आहे. आधी एअर फिल्टर काढून बघा.

पी ०११७, ०११८ : पाण्याच्या तापमानाचा सेन्सर किंवा त्याची वायर. प्लग ढिला किंवा गंजलेला आहे का बघा.

पी ०३३५ : क्रँक सेन्सर. गाडी चालता चालता बंद पडू शकते. लांबचा प्रवास टाळा.

पी ०४०१ : ईजीआरमधून धूर कमी फिरतो. काजळी साचली असेल. साफ करून चालतं का ते आधी विचारा.

पी ०४२० : सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नाही असा संशय. हा पार्ट फार महाग. बदलण्याआधी सायलेन्सरची गळती, मिसफायर आणि मागचा ऑक्सिजन सेन्सर तपासायला लावा.

पी ०५६२ : व्होल्टेज कमी. बॅटरीचे टर्मिनल, अर्थिंग आणि डायनामो बघा.

पी ००८७ : डिझेलचा दाब कमी. आधी डिझेल फिल्टर.

बीएस ६ डिझेल गाड्यांत धुरातली काजळी पकडणारी जाळी असते, डीपीएफ. गाडी रोज कन्हान ते कामठी एवढीच फिरली तर ती जाळी भरते. भरल्याचा इशारा आला तर गाडीच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे हायवेवर एकसारख्या वेगानं चालवा, बहुतेक वेळा ती स्वतः साफ होते. इशाऱ्याकडे दुर्लक्ष केलं तर खर्च मोठा.

कोड नसला तरी उपयोग

लाइव्ह डेटामध्ये दोन आकडे बघायची सवय ठेवा. पाण्याचं तापमान गरम इंजिनला साधारण ८५ ते १०५ अंशांच्या दरम्यान असतं. आपल्याकडे मे महिन्यात हवाच ४५ अंशांवर जाते, तेव्हा हा आकडा वर चढत चालला तर वेळीच थांबता येतं. दुसरा बॅटरीचा. इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.७ व्होल्ट हवेत. १२.५ च्या खालीच अडकलं तर बॅटरी बदलण्याआधी डायनामो तपासा.

जुनी गाडी घेताना तर रीडर खिशात हवाच. विकणारा आदल्या दिवशी कोड मिटवून दिवा घालवू शकतो. पण कोड मिटवले की गाडीच्या स्वतःच्या तपासण्याही शून्यावर येतात. ॲपमध्ये रेडिनेस किंवा मॉनिटर या नावाखाली बऱ्याच तपासण्या अपूर्ण दिसल्या, तर "नुकतीच बॅटरी काढली होती का, कोड कुणी मिटवले का?" असं सरळ विचारा. कोड मिटवल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, हेही अनेक गाड्या सांगतात. आकडा वीस-पंचवीस किलोमीटर दिसला तर व्यवहार थांबवा आणि दोन-चार दिवस गाडी चालवून परत बघा.

या गोष्टी करू नका

– दिवा लुकलुकत असेल तर गाडी ताणू नका. लुकलुकणं म्हणजे जोरदार मिसफायर, त्यात कन्व्हर्टर जळतो. वेग कमी करा, बाजूला घ्या.
– लाल दिवा, मग तो ऑइलचा असो की तापमानाचा, लागला तर रीडर शोधत बसू नका. इंजिन बंद करा.
– एबीएस आणि एअरबॅगचे कोड साध्या रीडरला दिसत नाहीत. "कोड नाही" म्हणजे ब्रेक ठीक, असा अर्थ काढू नका.
– गाडी वॉरंटीत असेल तर कोड वाचा, फोटो काढा, पण मिटवू नका. तसाच अधिकृत सर्व्हिसला दाखवा.
– चालत्या गाडीत मोबाईलवर आकडे बघू नका. बाजूला बसलेल्याला बघायला सांगा.

मिस्त्रीशी बोलताना

रीडर घेतला म्हणून आपण मिस्त्री होत नाही, आणि चांगल्या मिस्त्रीला कमी लेखायचंही कारण नाही. वीस वर्षं इंजिनचा आवाज ऐकलेल्या माणसाला जे कळतं, ते डब्याला कळत नाही. गॅरेजला जाताना एवढंच करा. कोडचा फोटो दाखवा आणि विचारा : "भाऊ, हा कोड आला आहे. पार्ट बदलण्याआधी काय काय तपासायचं?" जो तपासून दाखवतो त्याच्याकडे काम द्या. बदललेला जुना पार्ट परत मागा. काम झाल्यावर त्याच्यासमोर कोड मिटवा, आणि आठवड्यानं परत वाचा.

एका घराला रीडर वर्षातून तीन-चारदाच लागतो. म्हणून मोहल्ल्यातल्या चार-पाच जणांनी मिळून एक चांगला घेतला तरी भागतं. एका वहीत गाडीचा नंबर, तारीख, किलोमीटर, कोड आणि शेवटी नेमकं काय निघालं, हे लिहीत जा. दोन वर्षांत ती वही रीडरपेक्षा जास्त कामाची होईल.